नोकरी न सोडता पायलट व्हायचंय? नाशिककरांसाठी सुट्ट्यांचा हिशोब

आधी एक गैरसमज काढून टाकू. प्रायव्हेट पायलट लायसन्ससाठी (पीपीएल) नोकरी सोडायची गरज नसते, उलट नोकरी किंवा धंदा नसेल तर हे जमतच नाही, कारण उडायचा खर्च तासाला पाच आकडी असतो आणि हे लायसन्स एक रुपयाही कमवून देत नाही. पीपीएलवर भाडं घेऊन कुणाला न्यायला कायद्यानेच मनाई आहे. हौसेला मोल नसतं म्हणतात, इथे असतं आणि ते दर तासाला भरायचं असतं.

कागदावरच्या अटी फार नाहीत. दहावी पास, वय १७, क्लास टू मेडिकल म्हणजे ठरलेली वैद्यकीय तपासणी, डीजीसीएची (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) परीक्षा, रेडिओचं लायसन्स, कमीत कमी ४० तास उड्डाण आणि त्यात १५० नॉटिकल मैलांची एक सोलो क्रॉस कंट्री, म्हणजे एकट्याने केलेलं लांबचं उड्डाण. चष्मा चालतो. अडतं ते सलग वेळेपाशी, आणि तो नोकरदाराकडे नसतो.

आता नाशिकची गंमत बघा. ओझरला एचएएल, म्हणजे लढाऊ विमानं बनवणारी सरकारी कंपनी, १९६४ पासून आहे, मिग झाले, सुखोई झाले, २०२५ च्या ऑक्टोबरात तिथूनच तेजस मार्क वन ए उडालं, नाशिकच्याच गांधीनगरला आर्मीचं हेलिकॉप्टर ट्रेनिंग चालतं, म्हणजे डोक्यावर घरघर कायम. पण ओझर एचएएलचं आणि गांधीनगर आर्मीचं, त्यामुळे हौशी माणसाने हिशोब धुळे, शिरपूर, जळगाव नाहीतर बारामती धरूनच करायचा. धुळ्यात बॉम्बे फ्लाइंग क्लबचं ट्रेनिंग चालतं, हा क्लब १९२८ चा. जेआरडी टाटांनी १९२९ साली भारतातलं पहिलं लायसन्स काढलं, तेही मुंबईतच शिकून, आणि पुढे अख्खा टाटा समूह सांभाळत १९८२ मध्ये वयाच्या ७८ व्या वर्षी कराची ते मुंबई स्वतः विमान उडवत आले. बॉस सुट्टी देत नाही म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, अर्थात त्यांचे बॉस ते स्वतःच होते म्हणा.

नवीन माणूस सगळ्यात आधी प्लॅन करतो तो रविवारचा, आणि तोच फसतो. नाशिक ते धुळे साधारण १६० किलोमीटर, सकाळी सातचा स्लॉट हवा तर पहाटे साडेतीनला निघायचं, पिंपळगावचा टोल, कांद्याचे ट्रक, राहुड घाट, मालेगाव, आणि पोचल्यावर कळतं की धुरकं आहे. व्हीएफआरला, म्हणजे डोळ्यांनी बाहेर बघत उडायला, पाच किलोमीटर व्हिजिबिलिटी लागते, ती होईपर्यंत नऊ वाजतात, आणि उन्हाळा असेल तर दहानंतर थर्मल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर उठणारी हवा, सुरू होऊन विमान असं हलतं की शिकणं बाजूला राहतं. शिवाय फ्लाइंग स्कूलमध्ये बहुतेक पोरं सीपीएलची, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सची असतात, ती तिथेच राहतात, सकाळी पहिल्या स्लॉटला हजर. तुम्ही महिन्यातून दोनदा येणारे, त्यात मधल्या रविवारी कुणाचं तरी लग्न, पुढच्या रविवारी प्लांटमध्ये ऑडिट.

आणि गॅप पडली की लँडिंग जातं. जमिनीच्या जवळ आल्यावर पॉवर काढत नाक हळूहळू उचलून धरायचं, चाकं टेकेपर्यंत, याला फ्लेअर म्हणतात. लवकर उचललं तर विमान तरंगत राहतं आणि मग धपकन बसतं, उशिरा उचललं तर उसळतं. हे पुस्तकात वाचून येत नाही, हात बसावा लागतो, आणि तीन आठवड्यांच्या गॅपनंतरचा पहिला तास जुनं आठवण्यातच जातो, तोही पूर्ण पैसे भरून.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, रविवार सोडा आणि पीएल, म्हणजे हक्काची पगारी रजा, साठवा. वर्षातून दोन-तीनदा दहा-बारा दिवसांचा ब्लॉक काढा, तिथेच खोली घ्या, सकाळ-संध्याकाळ उडा. रविवार लायसन्स मिळाल्यावर, हात टिकवायला वापरा.

ब्लॉक कधी काढायचा हे तुमच्या कामावर ठरतं. सातपूर-अंबडच्या कारखानेवाल्यांना दिवाळीच्या शटडाऊनचा मोह होतो, पण त्या आठवड्यात इन्स्ट्रक्टरही घरी जातात, त्यामुळे दिवाळीनंतरचा आठवडा मागा, हवाही तेव्हा मस्त असते. सीएंचं सप्टेंबर-ऑक्टोबर ऑडिटमध्ये जातं, त्यांना डिसेंबर बरा. शिक्षकांना मे मोकळा, पण खानदेशचा मे म्हणजे चाळीसच्या वर पारा, गरम हवा पातळ असते, विमानाला उचलायला जास्त धावपट्टी लागते आणि चढण मंदावते, तेव्हा फक्त पहाटेचेच स्लॉट घ्या. सगळ्यात कठीण द्राक्षवाल्यांचं. ऑक्टोबर छाटणी, मग थिनिंग, डिपिंग, मग हार्वेस्टिंग आणि एप्रिलला खरड छाटणी, म्हणजे उडायची चांगली हवा आणि बागेचं काम एकाच वेळी. त्यांनी ऑगस्टमधली उघडीप पकडावी, धुळ्याकडे पाऊस आपल्या इगतपुरी-त्र्यंबकच्या मानाने कमीच असतो. डॉक्टर लोकांनी क्लिनिकला बदली डॉक्टर आधी बघावा, मग विमान.

अभ्यास मात्र घरी बसून होतो. एअर रेग्युलेशन, नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी आणि टेक्निकल, पासिंग ७० टक्के. पावसाळाभर रोज तासभर बसलात तरी पुरतं. डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर, म्हणजे उमेदवाराचा नोंदणी क्रमांक, आधी काढून ठेवा, त्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. आणि मेडिकल पहिला पैसा भरायच्या आधी करा, नंतर नाही. रंग नीट ओळखता येत नसतील तर ते तिथेच कळेल, आणि बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरपासून लपवू नका.

थर्ड शिफ्ट करून सकाळी थेट गाडी काढून उडायला जायचं नाही. अजिबात नाही. झोप अपुरी असलेला माणूस स्वतःला फ्रेशच समजतो, पंचाईत तीच असते. सर्दीची गोळी घेतली असेल तरी थांबा, तिने गुंगी येते. आणि आपल्या गावासाठी खास, उड्डाणाच्या आधी १२ तास दारू बंद असा नियम आहे, वाइनसुद्धा त्यातच येते बरं का, त्यामुळे गंगापूर डॅमकडची शनिवार संध्याकाळ आणि रविवारचा स्लॉट यातलं एकच निवडा.

एक गोष्ट कुणी सांगत नाही ती इन्शुरन्सची. कंपनीच्या ग्रुप अॅक्सिडेंट पॉलिसीत बऱ्याचदा तिकीट काढून केलेला विमानप्रवासच धरलेला असतो, स्वतः उडवत असाल तर कव्हर नाही. टर्म प्लॅनच्या फॉर्ममध्येही फ्लाइंगचा प्रश्न असतो, तिथे खरं लिहा, प्रीमियम वाढला तर वाढू दे. घरच्यांना हे कागद कुठे ठेवलेत ते दाखवून ठेवा.

स्कूल निवडताना फोनवर फी विचारून ठेवून देऊ नका. आज उडण्यालायक विमानं किती आणि मेंटेनन्सला किती, इन्स्ट्रक्टर किती, पीपीएलवाल्याला सकाळचा स्लॉट देता का, पैसे तासागणिक भरता येतात का सगळे आधीच, आणि मधेच सोडलं तर उरलेले परत मिळतात का, हे विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. मग एखाद्या वर्किंग डेला न सांगता जाऊन हँगरपाशी उभे राहा आणि दुपारपर्यंत किती विमानं वर गेली ते स्वतः मोजा.