वर्गासाठी झेरॉक्स काढताय? आधी टक्के मोजणं सोडा

पुस्तकाचा दहा टक्के भाग कॉपी केला तर चालतं, असं कोणी सांगितलं की त्याला विचारा, कुठल्या कायद्यात लिहिलंय. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट अ‍ॅक्टमध्ये असा आकडाच नाहीये. तो आलाय अमेरिकेतल्या १९७६ च्या गाइडलाइन्समधून, आणि 'फेअर यूज' (परवानगीशिवाय चालणारा वाजवी वापर) हा शब्दही तिकडचाच. आपण बघायचं ते आपल्या कायद्याचं कलम ५२, परवानगीशिवाय काय चालतं ते त्यात दिलंय.

आधी कॉपीराइट शिल्लक आहे का बघा. लेखक गेल्यावर ६० वर्षं तो राहतो. केशवसुत १९०५ मध्ये गेले, कविता बिनधास्त छापा. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, तिथे हक्क २०५९ संपेपर्यंत. आणि हो, केशवसुतांची नवी संपादित आवृत्ती असेल तर प्रस्तावना, टिपा यांवर संपादकाचा हक्क असतो.

प्रश्नपत्रिकेत उतारा हवाय? द्या, कलमातच सूट आहे.

आता खरी गोम. कलम ५२(१)(आय) प्रमाणे शिक्षक किंवा विद्यार्थी शिकवण्याच्या ओघात प्रत काढू शकतात. पण 'ओघात' म्हणजे कुठपर्यंत? तीन मोठ्या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि तिथल्या झेरॉक्सवाल्यावर कोर्स पॅकवरून (वेगवेगळ्या पुस्तकांतली नेमलेली पानं झेरॉक्स करून बांधलेला संच) केस केली होती, त्यात २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की शिकवणं फळ्यासमोरच्या तासापुरतं नसतं, नेमून दिलेलं वाचनही त्यात येतं, आणि पानांची मर्यादा कायद्यात नाही, शिकवायला गरज आहे तेवढं घ्या.

हे वाचून मला वाटलं झालं, आता सगळंच चालतं, आणि इथेच मी फसले. एका प्रकरणाचं स्कॅन वर्गाला दिलं ते ठीक होतं, पण शेअरिंग 'लिंक असलेला कोणीही' वर राहिलं, लिंक दोन बॅचनंतरही फिरत राहिली आणि एक दिवस प्रकाशकाचं पत्र आलं. पानं किती हे त्यांनी विचारलंच नव्हतं, वर्गाबाहेरच्या लोकांकडे फाइल कशी गेली हे विचारलं होतं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून पहिल्या पानावर एक ओळ लिहिते: विषय, टॉपिक, बॅच. ती लिहिता येत नसेल तर प्रत काढू नका. लिंक फक्त वर्गाच्या आयडींना द्या, टर्म संपली की फाइल काढून टाका. अख्खं पुस्तक 'असू दे' म्हणून स्कॅन करून ठेवू नका. आणि बाजारात सहज मिळणारं वर्कबुक दरवर्षी झेरॉक्स करून वाटणं मला अजिबात पटत नाही, कोर्टात काय टिकेल ते टिको, ते वर्गासाठीच लिहिलेलं असतं आणि लिहिणाऱ्याचं पोट त्याच विक्रीवर असतं.

लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष खाली लिहाच.

दुसऱ्याच्या पुस्तकातले उतारे असलेल्या नोट्स पैसे घेऊन विकायच्या असतील तर आधी प्रकाशकाची लेखी परवानगी. मेलमध्ये पान नंबर, किती प्रती, कधीपर्यंत हे नेमकं लिहा. 'काही भाग वापरू का' एवढंच लिहिलेल्या माझ्या मेलना कधी उत्तर आलं नाही.