पट्टी दाबली, पण सूर उशिरा येतोय?

मिडी कीबोर्ड स्वतः आवाज काढत नाही. कोणती पट्टी दाबली, किती जोरात, एवढंच तो कॉम्प्युटरला कळवतो; सूर कॉम्प्युटर तयार करतो. त्यामुळे सूर रेंगाळत येत असेल तर आधी केबल बदलायला धावू नका. विंडोजवर रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये एएसआयओ, म्हणजे आवाज कमी उशिरात पोचवणारा ड्रायव्हर निवडा (ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाजासाठी कॉम्प्युटरला जोडायचं उपकरण, त्यासोबत आलेला असेल तर तोच, नाहीतर फुकटचा एएसआयओ४ऑल) आणि बफर, म्हणजे आवाज बाहेर पडण्याआधी साठवला जाणारा तुकडा, १२८ सॅम्पलचा (आवाजाच्या बारीक नमुन्यांचा) ठेवा. ४८,००० हर्ट्झला १०२४ सॅम्पलचा बफर एकटाच सुमारे २१ मिलिसेकंद खातो, १२८चा जेमतेम ३. ठेक्यात वाजवताना हा फरक बोटांना लगेच कळतो. आवाज तडतडायला लागला तर २५६ करा. मिक्सिंगच्या, म्हणजे रेकॉर्ड झालेले ट्रॅक जुळवण्याच्या वेळी मात्र खुशाल वाढवा, तेव्हा वाजवायचं कुठे असतं! आणि हो, आवाजच येत नसेल तर ट्रॅकवर मिडी इनपुट निवडलंय का, मॉनिटरिंग (वाजवतानाच ऐकू येण्याची सोय) चालू आहे का, ते बघा.