फॅमिली मेडिसिनच्या रोटेशनला जाताय? औषधांच्या यादीवर विसंबू नका

अमेरिकेतला पीएचा (फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या जोडीने पेशंट तपासणारा) कोर्स साधारण २७ महिन्यांचा. वर्गातलं पहिलं वर्ष संपलं की वाटतं, अवघड ते झालं. तसं नसतं. खरी दमछाक रोटेशन्सना, म्हणजे वेगवेगळ्या विभागांत प्रत्यक्ष पेशंट बघत शिकताना होते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फॅमिली मेडिसिनला. सर्जरीला पेशंट तुमच्यापर्यंत येतो तेव्हा बहुतेकदा निदान झालेलं असतं. इथे तो नुसतं 'हल्ली फार थकवा येतो' म्हणतो, आणि थायरॉइड, रक्तक्षय, नैराश्य, अपुरी झोप यांतलं काय ते तुम्ही शोधायचं. पहिले काही दिवस डोकं बधिर होतं. ते सगळ्यांचंच होतं, त्यावरून स्वतःला नालायक ठरवू नका.

आता मुख्य मुद्दा. स्क्रीनवर दिसणारी औषधांची यादी म्हणजे पेशंट घेत असलेली औषधं नव्हेत. हा सापळा मला चांगलाच ओळखीचा आहे, म्हणून जरा ताणून सांगते.

समजा, बीपीचा पेशंट आलाय. यादीत लिसिनोप्रिल आणि हायड्रोक्लोरोथायझाइड, दोन्ही बीपीचीच औषधं. बीपी १५८/९४. वर्गात शिकलेलं डोकं लगेच तिसरं औषध सुचवतं. पण गुडघे दुखतात म्हणून हा माणूस रोज आयबुप्रोफेन घेतोय, दुकानातून आणून, चिठ्ठीशिवाय. त्याच्या लेखी ते औषधच नाही, म्हणून 'औषधं तीच ना?' या प्रश्नाला तो मनापासून 'हो' म्हणतो. आयबुप्रोफेनमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं, बीपीच्या गोळ्यांचा जोर कमी होतो. वर ही तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडावर ताण: आयबुप्रोफेन रक्त आत येण्याची वाट आवळतं, लिसिनोप्रिल बाहेर जाण्याची वाट सैल करतं, हायड्रोक्लोरोथायझाइड अंगातलं पाणी कमी करतं. मूत्रपिंडाच्या गाळणीतला दाब पडतो आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ) चढतं. इथे चौथी गोळी काय कामाची?

म्हणून प्रश्न बदला. 'दुखलं की काय घेता? सर्दी झाली की? झोप येत नसेल तर?' असं विचारा. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिनही बीपी वाढवतं. 'आठवड्यात किती वेळा गोळी राहते?' असं विचारा. 'रोज घेता ना?' असं नको, त्याला उत्तर एकच मिळतं. जमेल तिथे घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणायला सांगा आणि एकेक हातात घेऊन वाचा. तारीख, डोस, उरलेल्या गोळ्या, सगळं. यात वेळ जातो, पंधरा मिनिटांची भेट अपुरी पडते, मागचे पेशंट खोळंबतात. तरीही करा.

मागच्या भेटीची नोंद तशीच उचलून नव्या नोंदीत चिकटवणं मला अजिबात पटत नाही. चूक एकदा आत शिरली की वर्षानुवर्षं पुढे सरकते. शिकत असेपर्यंत तरी यादी स्वतः लिहा.

पॅन्सचं (PANCE, पीएची परवान्यासाठीची परीक्षा) फार दडपण घेऊ नका. ३०० प्रश्न, ५ तास. प्रश्नसंच सोडवत राहिलात तर सवय होते. हृदय-रक्तवाहिन्यांचा वाटा सर्वांत मोठा, तो भाग कच्चा ठेवू नका, एवढंच. पण प्रश्नसंचात औषधांची यादी नेहमी खरी आणि पूर्ण असते, हे लक्षात असू द्या.

प्रीसेप्टर (रोटेशनमध्ये तुम्हाला शिकवणारा अनुभवी डॉक्टर किंवा पीए) गोड बोलणारा असावा असं सगळ्यांना वाटतं. मला विचाराल तर तुम्हाला आधी बोलू देणारा हवा. तुम्ही केस मांडल्यावर 'मग काय करायचं म्हणतेस?' असं विचारून गप्प बसणारा. उत्तर चुकलं तर कारण सांगेल, त्यातूनच शिकाल. दिवसभर त्याच्या मागे उभं राहून मान डोलावण्यात रोटेशन संपून जातं आणि हाती काही लागत नाही. त्यामुळे पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारा: पेशंटला आधी मी एकटी भेटू का? नकार मिळाला तर निदान औषधांची विचारपूस तरी मागून घ्या. ती सहसा कुणी नाकारत नाही.