कोंबडीच्या भ्रूणातील कूर्चाकवटी निळी रंगवून कशी पाहावी

कवटी म्हटले की हाडांची बंद पेटी डोळ्यांसमोर येते. पृष्ठवंशी प्राण्यांच्या भ्रूणात मात्र हाडाच्या आधी कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक ऊतीची, कवटी तयार होते आणि तिचा आकार पेटीपेक्षा सुपाशी अधिक जुळतो: खाली तळ, मागे एक कमान, बाजूंना कानाच्या व पुढे नाकाच्या कुप्या, आणि वरचा भाग बराचसा उघडा. कॉलेजच्या साध्या प्रयोगशाळेत दोन-अडीच आठवड्यांत ही रचना प्रत्यक्ष पाहता येते.

बाजारातील पोल्ट्रीची अंडी बहुधा फलित नसतात. म्हणून कोंबड्यासह पाळलेल्या कोंबड्यांची, आठवडाभराच्या आतली गावरान अंडी आणावीत. ती ३७.५ अंश सेल्सिअसला उबवावीत, रोज तीन-चार वेळा फिरवावीत आणि पाचव्या दिवशी अंधारात टॉर्चवर धरून पाहावीत. कोळ्याच्या पायांसारखे रक्तवाहिन्यांचे जाळे दिसले तर अंडे चांगले, नाहीतर काढून टाकावे. या कामासाठी नववा दिवस सर्वांत सोयीचा असतो, कारण तोवर कूर्चा पुरेशी पक्व झालेली असते आणि हाडांची गर्दी अजून सुरू झालेली नसते. हे काम संस्थेच्या परवानगीनेच करावे. अंडे फोडण्यापूर्वी ते काही तास फ्रिजमध्ये थंड करावे आणि भ्रूण बाहेर काढताच त्याचे डोके वेगळे करावे.

डोके मिठाच्या सौम्य द्रावणात धुऊन ९५ टक्के अल्कोहोलमध्ये दोन दिवस ठेवावे. मग बारीक चिमट्याने त्वचा सोलावी आणि एका बाजूचा डोळा अलगद काढावा. पक्ष्याच्या भ्रूणाचे डोळे अवाढव्य असतात आणि त्यांतील काळे रंगद्रव्य पुढे पारदर्शक होत नाही. डोळा तसाच ठेवला तर दोन डोळ्यांमधला कूर्चेचा उभा पडदा दिसतच नाही. दुसरा डोळा मात्र राहू द्यावा, कारण त्याच्या भिंतीतही कूर्चेची वाटी असते.

रंगासाठी ९५ टक्के अल्कोहोल ८० मिलिलीटर आणि ग्लेशियल ॲसेटिक आम्ल २० मिलिलीटर घेऊन त्यात १५ मिलिग्रॅम ॲल्शियन ब्ल्यू हा कूर्चा निळी करणारा रंग विरघळवावा. हातमोजे घालावेत, आम्लाची वाफ नाकात जाऊ देऊ नये. कूर्चेच्या आधारद्रव्यातील सल्फेटयुक्त शर्करा ऋणभारित असतात आणि हा रंग धनभारित असल्यामुळे तो त्यांना घट्ट धरतो. आम्लामुळे इतर ऊतींची ओढ कमी होते. एक दिवस पुरे. त्यानंतर नवनवीन अल्कोहोलमध्ये, निळी छटा निघेनाशी होईपर्यंत धुवावे आणि ७०, ५० व २५ टक्के अल्कोहोलमधून क्रमाने पाण्यात आणावे.

खरी कसोटी पुढेच आहे. एक टक्का पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मांस पारदर्शक होते, परंतु ते कधी थांबवायचे हे घड्याळ सांगत नाही. मी पहिल्यांदा बाटली रात्रभर तशीच सोडून गेलो आणि सकाळी तळाशी निळ्या काड्यांचा गाळ तेवढा उरला होता. तेव्हापासून दर दोन तासांनी पाहतो; गालाच्या मांसातून खालच्या जबड्याची निळी दांडी स्पष्ट दिसू लागली की डोके लगेच त्याच क्षारात मिसळलेल्या २० टक्के ग्लिसरीनमध्ये हलवतो, मग ५० आणि ८० टक्के, आणि शेवटी शुद्ध ग्लिसरीन. बुरशी लागू नये म्हणून त्यात थायमॉलचा एक खडा टाकावा.

आता स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, आधी खालच्या बाजूने पाहावे. मागे पॅराकॉर्डल (नोटोकॉर्डच्या दोन्ही बाजूंच्या) कूर्चांची तबकडी आणि तिच्या मध्यरेषेवर नोटोकॉर्ड, म्हणजे भ्रूणाच्या पाठीतली लवचीक दांडी. हे नोटोकॉर्ड जिथे संपते, तिथेच पीयूष ग्रंथीची जागा आहे आणि तिथेच एक सीमाही आहे: क्वेल (लावा पक्षी) व कोंबडी यांच्या पेशी एकत्र करून घडवलेल्या संमिश्र भ्रूणांवरील प्रयोगांतून दिसले की या टोकाच्या पुढच्या, दांड्यांसारख्या ट्रॅबेक्युला कूर्चा चेताशिखेच्या (चेतानलिकेच्या कडेवरून सुटून भ्रूणात पसरणाऱ्या) पेशींपासून बनतात, तर मागचा तळ मध्यस्तरापासून, म्हणजे भ्रूणाच्या तीन मूळ थरांपैकी मधल्या थरापासून. रंग दोन्हींना सारखाच चढतो, त्यामुळे डोळ्यांना जोड कळत नाही. पॅराकॉर्डलच्या दोन्ही बाजूंना फुगीर श्रवणकुप्या दिसतील. प्रकाश तिरका पाडल्यास अर्धवर्तुळाकार नलिकांचे वळसे ओळखता येतात. पुढे ट्रॅबेक्युला एकवटून डोळ्यांमधला पडदा आणि नाकाची कुपी घडवतात.

खाली हनुवटीकडे जाणारी दांड्यांची जोडी ही मेकेलची कूर्चा, म्हणजे खालच्या जबड्याचा कूर्चेचा गाभा. तिचे मागचे टोक क्वाड्रेटशी (वरच्या जबड्याच्या मागच्या भागाशी) जिथे टेकते तो पक्ष्याचा जबड्याचा सांधा. सस्तन प्राण्यांत हेच दोन भाग मध्यकर्णात जाऊन हातोडी आणि ऐरण होतात, हे जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ रायखर्टने १८३७ मध्येच दाखवले होते.

शेवटी डोके पालथे करून वरून पाहावे. कपाळ आणि टाळूच्या जागी निळे काहीच नसेल. नवखे विद्यार्थी इथे रंगवण्यात चूक झाली असे समजून डोके पुन्हा रंगात बुडवतात; पण कपाळाची आणि टाळूची हाडे कूर्चेच्या टप्प्यातून जातच नाहीत, ती थेट पातळ पटलात (ऊतीच्या पापुद्र्यात) तयार होतात. ती पाहायची असतील तर बारा-तेरा दिवसांचा भ्रूण घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या टप्प्यात अ‍ॅलिझरीन रेड हा हाडातल्या कॅल्शियमला धरणारा लाल रंग मिसळावा, मात्र आम्लातला मुक्काम एका दिवसापेक्षा लांबवू नये, नाहीतर कोवळ्या हाडातले कॅल्शियम विरघळून लाल रंग धरायला काही उरणार नाही.