भाजी-फळं घेताना या चुका टाळा, आणि रील बघून तर बाजारात येऊच नका

माझं डब्याचं काम आहे सांगलीत, विश्रामबागला, त्यामुळं भाजी आणणं ही माझी हौस नाही, पोटाचा धंदा आहे. शनिवारचा बाजार, शिवाजी मंडई, कधी मिरजेचं लक्ष्मी मार्केट, सगळीकडं फिरणं होतं आणि सगळीकडं त्याच त्याच चुका करणारी माणसं दिसतात. चांगली शिकली-सवरलेली माणसं असतात ओ, पण पिशवी पुढं करतात, "मावशी, चांगली बघून एक किलो द्या" म्हणतात आणि मोबाईलमध्ये डोकं घालून उभी राहतात. मावशी कुणाची सोय बघणार, तुमची का तिची? तिला सकाळचा माल संध्याकाळच्या आत खपवायचाय, वर रचलेला माल गिऱ्हाईक ओढायला असतो, तुमच्या पिशवीत मागच्या ढिगातला जाणार. यात मी तिला नावं ठेवत नाही. निवडून घ्यायचं काम तुमचं आहे, ते तुम्ही तिच्यावर टाकलंत.

तर पहिलं म्हणजे वांगी. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, सांगलीत राहून वांगं ओळखता येत नसेल तर काय उपयोग. कृष्णाकाठची वांगी म्हणून पुण्या-मुंबईचे लोक पाहुण्यांकडून मागवून घेतात आणि आपल्याच गावातली माणसं निबर वांगी पिशवी भरून घरी नेतात.

मागच्या थंडीत एका ओळखीच्या घरी डोहाळजेवण होतं. स्वयंपाक माझ्याकडं, मेन्यूत भरली वांगी, कारण जिचं डोहाळजेवण तिला तेच खावंसं वाटत होतं. पण भाजी मी आणायची नाही असं ठरलं, "आमच्या भाऊजींना भाजीतलं फार कळतं, ते आणतील." बरं म्हटलं. भाऊजी सकाळी आले दोन पिशव्या घेऊन, एकदम खुशीत, भावात पण कमी करून आणलेली. वांगी वरून चमकत होती खरी, पण ती चमक पाण्याची होती, विकणाऱ्यानं ओल्या फडक्यानं पुसून पाणी मारून ठेवलेली, पंख्याखाली पसरल्यावर अर्ध्या तासात सगळी मंद पडली. हातात घेतलं तर जड. देठ तपकिरी, वाळलेला, टोपीच्या पाकळ्या सालीपासून सुटून बाहेर वळलेल्या. एक चिरलं, आत तपकिरी बिया गच्च. दुसरं चिरलं, तेच. मी भाऊजींकडं बघितलं तर ते म्हणाले, "असं कसं, मी एक एक बघून घेतलंय, खालचा डाग गोल आहे का बघा, सगळी नर आहेत, नरात बिया नसतात." रील बघितलेली.

मग काय, कुकर लावला आणि अख्खा मसूर केला, त्याला भिजवायची भानगड नसते म्हणून तो अशा वेळी देवासारखा धावून येतो. थोड्या वांग्यांच्या बिया खरवडून, मिठाच्या पाण्यात टाकून रश्श्यात ढकलली, तरी कडवट लागायची ती लागलीच. पंगत उठली, सगळ्यांनी मसूर वाढून वाढून घेतला, आणि जिचे डोहाळे तिला वांगी नाहीत. भाऊजींनी मात्र शेवटपर्यंत वांग्यांची चूक मानली, स्वतःची नाही.

आता हे नर-मादीचं एकदाचं ऐकून घ्या. वांग्याच्या एकाच फुलात पुंकेसर पण असतात आणि स्त्रीकेसर पण, त्या फुलातनं आलेलं फळ नर आणि मादी कसं असेल? खालचा डाग म्हणजे फूल जिथं चिकटलेलं होतं ती खूण, बस. ढोबळी मिरचीचं पण तेच, खाली तीन फुगवटे म्हणजे नर आणि चार म्हणजे मादी असलं काही नसतं, तिचं फूलही दोन्ही मिळून एकच. कलिंगडाच्या वेलावर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी येतात हे खरं, पण फळ धरतं ते फक्त मादी फुलाला. नर कलिंगड नावाची वस्तू जगात नाही. तरी दर उन्हाळ्यात कुणीतरी गाड्यावर उभं राहून लांबट नर आणि गोल मादी असं शेजारच्याला शिकवत असतंच, आणि गाडीवाला हसून मान डोलवतो, त्याचं काय जातंय.

मी वांगं कसं घेते ते सांगते. आधी देठ. हिरवागार, टवटवीत, काटे बोटाला टोचले पाहिजेत, टोपी सालीला घट्ट चिकटलेली पाहिजे. काटे मऊ पडले, टोपी सुकली की ते वांगं बरेच दिवस इकडं तिकडं फिरलंय असं समजा. मग अंगठ्यानं हलकं दाबायचं, दाबलेली जागा लगेच वर आली पाहिजे, खड्डा राहिला तर ठेवून द्यायचं. मग एकसारख्या आकाराची दोन वांगी दोन हातात घ्यायची आणि हलकं असेल ते घेऊन जड परत ठेवायचं, जडात बहुतेक वेळा बिया भरलेल्या असतात. भरल्या वांग्याला मुठीत मावेल एवढंच घ्या, भरताला मोठं चालतं पण तेही हलकंच. हे सगळं वाचायला लांब वाटतं, हाताला सवय झाली की बोलता बोलता किलोभर निवडून होतं. ज्यांना तेवढाही वेळ नाही त्यांनी त्या दिवशी कोबी घ्यावा.

आणि भोकाचं. भोक नाही म्हणजे कीड नाही असं धरून चालू नका. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी अगदी लहान असताना आत शिरते, ते बारीक भोक तिच्याच विष्ठेनं बुजतं आणि दिसत नाही. तुम्हाला जे ठळक भोक दिसतं ते बहुतेक अळी बाहेर पडल्याचं असतं. म्हणजे भोक पडलेलं टाकायचंच, पण बिनभोकाचं पण चिरून बघितल्याशिवाय अख्खं रश्श्यात सोडायचं नाही. भरल्या वांग्याला चार चिरा देतो तेव्हा प्रत्येक चीर उघडून उजेडात बघा. माझ्या हाताखालच्या पोरींना ही एक गोष्ट शिकवता शिकवता माझा घसा बसतो.

दुसरी चूक, "घरी ठेवलं की पिकेल"

सगळी फळं घरी पिकत नाहीत. आंबा, केळी, चिकू, पपई, पेरू, सीताफळ, टोमॅटो ही तोडल्यावर पिकतात. द्राक्षं, डाळिंब, संत्री-मोसंबी, स्ट्रॉबेरी, कलिंगड ही वेलावर-झाडावर जेवढी गोड झाली तेवढीच, नंतर फक्त सुकतात किंवा नासतात. आंबट द्राक्षं फ्रीजमध्ये चार दिवस ठेवून गोड होण्याची वाट बघणारे लोक मी बघितलेत. द्राक्षांच्या तासगावपासून एवढ्या जवळ राहून!

द्राक्षाची घाई तर विचारूच नका. सीझनचा पहिला माल दिसला रे दिसला की दुप्पट भाव देऊन घेतात आणि मग तोंड वाकडं करतात. फेब्रुवारी उजाडू द्या, ऊन तापू द्या, मग मजा. तास-ए-गणेश ही जात आपल्या तासगाव तालुक्यातल्या बोरगावची, थॉम्पसन जातीतूनच निवडलेली, सोनाका लांबट मण्याची, काळ्यात शरद, कुठलीही घ्या पण चव बघून घ्या. आणि चव बघायची ती घडाच्या खालच्या टोकाच्या मण्याची. गाडीवाला तुम्हाला वरचा, खांद्यावरचा मणी तोडून देतो, तो आधी पिकलेला असतो म्हणून गोडच लागणार. टोकाचा गोड तर सगळा घड गोड. रंग एकदम हिरवा नको, थोडी पिवळसर झाक पाहिजे. मधला देठ हिरवा पाहिजे, तपकिरी असेल तर माल शिळा, घड उचलून हलकंसं हलवला की मणी गळायला लागतात. मण्यावर पांढुरकी, एकसारखी, बोटानं पुसली जाणारी भुकटी दिसते ती द्राक्षाची स्वतःचीच असते, तिला औषध समजून माल नाकारू नका. थेंबांचे सुकलेले डाग दिसले तर तो फवारा, तसलं घेऊ नये. धुऊन तर दोन्ही खायचं.

कलिंगडावर लोक जोरजोरात टपल्या मारतात, आवाज कसला आला विचारलं तर सांगता येत नाही. मी आधी उलटं करून बघते. जमिनीला टेकलेला डाग चांगला पिवळा, लोण्यासारख्या रंगाचा असेल तर फळ वेलावर पुरेसं राहिलंय, पांढरा किंवा फिक्कट हिरवा असेल तर आधीच तोडलंय. मग वजन, आकाराच्या मानानं जड पाहिजे (वांग्याच्या बरोबर उलटं, हे डोक्यात ठेवा). आवाज शेवटी, पोकळ घुमला पाहिजे, बद्द आला तर आत बसलेलं असतं. आणि सुई टोचून रंग घालतात हे व्हॉट्सॲपवरचं मला पाठवू नका, टोचलेल्या जागेपासनं फळ नासायला लागतं, गाडीवाल्याला एवढा तोटा परवडत नाही. कापून फोडी ठेवलेलं कलिंगड मात्र उन्हातल्या गाडीवरून कधीच घेऊ नका, त्यावर बसलेल्या माश्या मोजा आणि घरी जा.

आंबा

अक्षय तृतीयेला आमच्या समोरच्या वहिनींनी 'देवगड' लिहिलेली पेटी घेतली, पेटीवर देवगड, आत गवतात देवगडचंच वर्तमानपत्र, पाच हजारांची गोष्ट केली आणि शेवटी दोन हजारांत दिली म्हणून त्या एवढ्या खूश. तिथंच कळायला पाहिजे होतं. आपल्या सांगलीला कर्नाटक लागून आहे, तिकडचा हापूस भरपूर येतो, आणि तो वाईट नसतो, त्याच्या भावात घेतला तर मस्त. पण तो कोकणच्या भावात घेणं म्हणजे फसणं. तिकडच्याची साल जाड, आतला गर पिवळा, कोकणातल्याची साल पातळ आणि गर केशरी. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी, पेटीवर काय छापलंय याला काही अर्थ नाही, पेटी कुठंही मिळते. त्यातनं वहिनींच्या पेटीतले आंबे बाहेरून सगळे एकाच रंगाचे पिवळेधमक, वास काहीच नाही, कापल्यावर कोयीजवळ पांढरट आणि आंबट. सगळे एकदम एकसारखे पिवळे म्हणजे घाईनं पिकवलेले. आढीत पिकलेल्या पेटीत चार आंबे पुढं असतात चार मागं.

फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यावर बंदी आहे, २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांतच लिहिलंय, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. इथिलीन गॅसनं पिकवायला परवानगी आहे, त्याला घाबरायचं कारण नाही, फळ स्वतः पिकताना तोच गॅस सोडतं. माझी सवय अशी की मी पिकलेला आंबा घेतच नाही. देठाजवळचे खांदे भरून वर आलेले, देठ किंचित खाली बसलेला असा तयार पण कच्चा घेते, घरी गवतात ठेवते आणि आठ-दहा दिवस वाट बघते. ज्यांना आजच्या आज आमरस पाहिजे त्यांनी निदान देठाला नाक लावावं. नाकाला वास आला नाही तर जिभेलाही चव येणार नाही.

बाकीचं पटपट सांगते.

भेंडीचा शेंडा मोडून बघा, पण एकाच भेंडीचा. दहा मोडून ठेवून पुढं जाणाऱ्यांना मावशी शिव्या देते ते बरोबरच आहे.

मेथी-कोथिंबिरीची पेंडी ओली ठिबकत असेल तर आतून उलगडून बघा, मधली काडी काळी पडलेली असते.

कांदा साठवायचा तर उन्हाळी गावरान, मान बारीक आणि टरफल कोरडं. पावसाळ्यानंतरचा लाल कांदा पोत्यानं घेऊन ठेवू नका, तो टिकायचा नाही.

हिरवट बटाटा अजिबात नको, सोलून पण नको. कोल्ड स्टोरेजचा बटाटा गोड लागतो आणि वेफर्स काळे पडतात, त्यात तेलाचा दोष नसतो.

डाळिंब गुळगुळीत गोल नको, बाजूनं जरा कोन आलेलं आणि जड घ्या. सालीवर ओरखडे चालतील, तेलकट काळे डाग आणि तडे नकोत, तो तेल्या रोग.

स्ट्रॉबेरीचा बॉक्स उलटा करून खालचा थर बघा. महाबळेश्वर लिहिलंय म्हणून वरच्या पाच फळांवर जाऊ नका.

केळ्याचा दांडा हिरवागार आणि केळं पिवळंजर्द असेल तर घाईचं काम आहे.

सफरचंदावर स्टिकर आहे म्हणजे ते भारी असं नाही. चिकटवायला काय लागतंय.

आणि दुधी. नख लावल्यावर सालीत सहज रुतलं की कोवळा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण घरी चिरल्यावर एक बारीक तुकडा जिभेला लावून बघायची सवय फार थोड्यांना असते. कडू लागला तर थुंकायचं आणि अख्खा टाकून द्यायचा. मीठ लावून, उकळून, गूळ घालून कडूपणा मारायचा नाही, कारण तो कडूपणा म्हणजे कुकुर्बिटासिन नावाचं विषारी द्रव्य, आणि कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावलेली आहेत. सकाळी उठून दुधीचा रस काढणाऱ्यांनी तर न चाखता ग्लास तोंडाला लावूच नये. दोडका, काकडीचं पण तसंच. वीस रुपयांचा दुधी टाकायला जीव होत नाही म्हणतात आणि दवाखान्यात कितीही भरतात.

संध्याकाळी आठनंतर दहा-वीस रुपयांचे वाटे लागतात ते स्वस्त असतात, मी पण घेते, पण त्याच रात्री निवडून शिजवायचं असेल तरच. आणि पिशवीत भरताना बटाटे-कांदे खाली, टोमॅटो वर, पालेभाजी वेगळी हातात. गाडीच्या हुकाला सगळं एकत्र लटकवून खड्ड्यातनं घरी नेल्यावर टोमॅटो फुटले म्हणून मावशीशी भांडायला परत जाऊ नका.