पेन्युरी, इंडिजन्स आणि मोडलेली यादी

स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजी पेपरात समानार्थी शब्द विचारतात आणि माझी गाडी नेमकी अनोळखी नामांवर अडायची. क्लासची यादी एबीसीडीच्या क्रमाने. त्यात पेन्युरी आणि पर्जरी जवळजवळ. एक म्हणजे हलाखी, दुसरं कोर्टातली खोटी साक्ष! नागपूरच्या मे महिन्यात, कूलरसमोर बसूनही ते डोक्यात राहीना.

शेवटी यादीच मोडली. पीटर रॉजेट या डॉक्टरने १८५२ साली शब्द अक्षरांऐवजी अर्थाने लावून इंग्रजीचा कोश काढला होता. तेच सूत्र धरलं. वहीच्या एका पानावर गरिबीचं अख्खं घराणं: पॉव्हर्टी, पेन्युरी, इंडिजन्स, डेस्टिट्यूशन. पुढच्या पानावर वैराचं: एनमिटी, ॲनिमॉसिटी, रँकर. इंडिजन्सपुढे लाल शाईने लिहिलं, ‘इंडिजिनस वेगळा, तो देशी. फसू नको.’

खरी मेख पुढेच. समानार्थी म्हणजे तंतोतंत तेच नव्हे. एनमिटी हे साधं वैर, दोन देशांतही चालतं; रँकरमध्ये मनात धरून ठेवलेला डूख असतो. म्हणून प्रत्येक नामाला एक पूर्ण वाक्य जोडलं. भाऊबंदकीच्या शेतीवादात रँकर असा काही बसला की पुन्हा पाठ करावा लागला नाही.

उजळणी सीताबर्डीहून मेट्रोने परतताना. मराठी अर्थ झाकून नव्हे, इंग्रजी शब्द झाकून; आठवायला जड जातं, पण टिकतं. अडलेलं पान दुसऱ्या दिवशी, जमलेलं आठवड्याने. फ्लॅशकार्डची ॲप्सही आहेत, मला वहीच बरी वाटते. विशेषणांची पानं अजून कोरीच आहेत.