अर्धशिशीच्या गोळ्या: मुलं मध्येच सोडतात, तेव्हा काय करायचं

सुरुवात डब्यांपासून करा. अर्धशिशी असलेल्या मुलाच्या घरात बहुधा दोन प्रकारची औषधं असतात आणि ती एकाच पिशवीत पडलेली असतात. डोकं उठू नये म्हणून रोज घ्यायची गोळी एका डब्यात ठेवा. डोकं उठल्यावर घ्यायची दुसऱ्यात. ही सरमिसळ झाली की पहिली गोळी फक्त दुखल्यावर घेतली जाते आणि दुसरी "बघू, थांबेल" म्हणत दोन तास लांबते. म्हणजे दोन्ही फुकट.

सीमाभागातली, निपाणी-चिकोडीकडची बरीच मंडळी मिरज-कोल्हापूरला दाखवतात आणि पुढच्या गोळ्या गावातल्या मेडिकलमधून घेतात. तिथं चिठ्ठीवरची कंपनी नसली तर तीच गोळी दुसऱ्या नावानं मिळते. रंग बदलला की पोरगं "ही माझी नव्हे" म्हणून बाजूला ठेवतं. कधी जुनी संपायच्या आत नवी येते आणि एकच औषध दोन नावांनी पोटात जातं. म्हणून डब्यावर कंपनीचं नाव लिहू नका. औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहा, मराठीत आणि कानडीतही. प्रोप्रॅनोलॉल हे रोजचं औषध १०, २० आणि ४० मिलिग्रॅममध्ये येतं. नुसतं "अर्धी गोळी" लिहिलं तर ती कशाची अर्धी, हे आजीला कळणार नाही.

रोजच्या गोळीला वेळ नको, काम जोडा. "रात्री ९ वाजता" टिकत नाही, "जेवण झालं की" टिकतं. सकाळच्या शाळेच्या गडबडीला जोडलेली गोळी रविवारी हमखास चुकते आणि मे महिन्यात मामाकडे गेल्यावर तर डबाच घरी राहतो. सुट्टीच्या बॅगेत कपड्यांआधी डबा टाका. ॲमिट्रिप्टिलिन ही झोप आणणारी रोजची गोळी रात्री ११ ला घेतली तर सकाळी मूल उठत नाही, मग ते गोळीला कंटाळतं. डॉक्टरांना विचारून ती आठच्या जेवणाशी आणा. रात्रीची चुकली तर ती सकाळी देऊ नका, वर्गात डुलक्या लागतील. दुसऱ्या दिवशी दोन एकदम तर कधीच नको.

उपासाचं वेगळं सांगायला हवं. एकादशीला, नवरात्रात मुली गोळीही टाळतात आणि जेवणही. रिकामं पोट हेच अनेकांचं डोकं उठायचं कारण असतं आणि डोकं उठल्यावर घ्यायचं आयबुप्रोफेन रिकाम्या पोटी त्रास देतं. उपास करायचाच तर वेळच्या वेळी खाऊन करावा, गोळी चालू ठेवून.

मोठी मुलं रोजची गोळी विसरतात त्यापेक्षा जास्त वेळा ती गुपचूप सोडतात, आणि त्यामागं कारण असतं. फ्लुनारिझिननं वजन वाढतं. पंधरा वर्षांची मुलगी हे आईला सांगणार नाही, गोळी खिडकीतून टाकेल. टोपिरामेटनं बोटांना मुंग्या येतात, भूक मरते, ऐनवेळी शब्द आठवत नाही. दहावीच्या वर्षात हे भीतीदायकच. त्या औषधावर पाणी भरपूर लागतं, नाहीतर मूतखड्याचा धोका. ॲमिट्रिप्टिलिनवर मूल उदास, चिडचिडं वाटू लागलं किंवा जगणं नको असं बोललं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. दमा असलेल्या मुलाला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, आणि ते एका दिवसात बंदही करायचं नसतं, हळूहळू उतरवतात.

म्हणून "घेतलीस का?" हा प्रश्न सोडा, त्याला उत्तर "हो" एवढंच येतं. "या आठवड्यात किती राहिल्या?" असं विचारा आणि आकडा ऐकून ओरडू नका. रविवारी स्ट्रिपमधल्या गोळ्या मुलाबरोबर मोजा. १० उरल्या की नवीन आणा. जांबोटी-कणकुंबीसारख्या मुसळधार पावसाच्या भागात पावसाळ्यात तर आणखी आधी. दहा-अकराव्या वर्षापर्यंत गोळी तुम्ही हातात द्या. पुढं आठवड्याचा डबा मुलानं भरायचा, तुम्ही फक्त बघायचं. सोळाव्या वर्षी डॉक्टरांशी चार मिनिटं एकट्यानं बोलू द्या. एकदम सगळं सोपवलं की महिन्याभरात घडी विसकटते.

आता डोकं उठल्यावरचं. पहिल्या अर्ध्या तासातच औषध जायला हवं. एका वेळी आयबुप्रोफेन साधारण वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल १५. ३० किलोच्या मुलाला पॅरासिटामॉल ४५० मिलिग्रॅम लागतं. सिरप ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचं असेल तर ते ९ मिली झालं. पण १२० किंवा १२५ चंही सिरप मिळतं, बाटली बदलली की डोस अर्धा किंवा दुप्पट होतो. घरचा चमचा नको, बाटलीबरोबरचं माप वापरा. तुमच्या मुलाचा आकडा डॉक्टरांकडून बाटलीवरच लिहून घ्या. ताप असेल, डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन देऊ नका. ॲस्पिरिन मुलांना नकोच.

शाळेत एका डोसची पुडी आणि डॉक्टरांची चिठ्ठी वर्गशिक्षकांकडे द्या: औषधाचं नाव, किती, कधी. "नाटक करतोय" म्हणतील या भीतीनं मुलं सुट्टी होईपर्यंत दुखणं दाबून ठेवतात, आणि घरी पोचतात ती उलटी करतच.

साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, ट्रिप्टान (अर्धशिशी उठल्यावर घ्यायच्या खास गोळ्या) १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर औषधानंच डोकं दुखायला लागू शकतं. आठवड्यात दोन-तीन दिवसांच्या वर गेलं की डॉक्टरांना दाखवा. दुखण्याची नोंद एका वहीत ठेवा, तीनच रकाने पुरेत: दुखलं तो दिवस, घेतलेली गोळी, चुकलेली रोजची गोळी.

रोजच्या औषधाला दोन-तीन महिने द्यावे लागतात. आणि एक खरं तेही सांगायला हवं: २०१७ साली अमेरिकेत ८ ते १७ वर्षांच्या मुलांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ॲमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट आणि औषध नसलेली दिखाऊ गोळी यांत फरक दिसला नाही. तिन्ही गटांत निम्म्याहून जास्त मुलांचे दुखण्याचे दिवस बरेच कमी झाले. तेव्हा गोळ्या नीट घेऊनही वही सुधारली नाही तर पोराला दोष देऊ नका, वही घेऊन औषध बदलायचं की थांबवायचं ते विचारा. गोळ्या घेतल्याच नसतील तर तेही स्पष्ट सांगा, नाहीतर डॉक्टर लागू न पडणारं औषध समजून डोस वाढवतील.

अचानक कधी नव्हे इतकं जोरात दुखणं, तापाबरोबर मान आखडणं, एका बाजूची ताकद जाणं, फिट येणं, किंवा रोज पहाटे उलटीसह जाग येणं, यात गोळीची वाट पाहत बसू नका, थेट दवाखाना गाठा.